अनंत: ओळखायचा कसा, लावायचा कसा, कळ्या टिकवायच्या कशा

अनंताचं रोप आणणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तीनच असतात. हा खरंच अनंत आहे का? पानं पिवळी का पडताहेत? आणि कळ्या एवढ्या धरतात, मग उमलायच्या आधीच गळतात का? पहिल्याचं उत्तर पानात आणि कळीत सापडतं. उरलेल्या दोन्हींचं बहुतेक वेळा मातीत. अनंत नखरेल आहे असं सर्रास बोललं जातं, मला ते पटत नाही. त्याला आम्लधर्मी माती लागते आणि रोजच्या रोज सारखी वागणूक लागते. एवढं मिळालं तर तो वर्षानुवर्षं बिनतक्रार फुलतो. नाही मिळालं तर कितीही भारी खत घाला, पानं पिवळीच.

शास्त्रीय नाव गार्डेनिया जास्मिनॉइडिस. कुळ रुबिएसी, म्हणजे कॉफी आणि एक्झोऱ्याचं. मूळचा तो दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम या पट्ट्यातला, ओढ्याकाठी आणि डोंगरउतारावरच्या झाडोऱ्यात वाढणारा. दमट हवा, पालापाचोळा कुजून झालेली भुसभुशीत जमीन, दिवसाचा काही भाग सावली. त्याच्या सगळ्या मागण्या इथूनच येतात. जमिनीत तो दीड-दोन मीटर होतो, कुंडीत मीटरभर. रॅडिकन्स नावाची बुटकी जात तर जेमतेम अर्धा मीटर उंच होते आणि आडवी पसरते. तिची पानं आणि फुलंही लहान.

आधी ओळख पटवा

फूल असताना अनंत कुणीही ओळखेल. खरी परीक्षा फूल नसताना. पान गर्द हिरवं, जाडसर, वरून तेल चोळल्यासारखं चकचकीत, ५ ते १२ सेंटिमीटर लांब. शिरा खोलगट, त्यामुळे पानाला दोन शिरांच्या मध्ये फुगवटा आल्यासारखं दिसतं. पानं फांदीवर समोरासमोर येतात, आणि बऱ्याचदा एका पेरावर तीन. हे तीनाचं वर्तुळ दिसलं की निम्मी खात्री झाली. आता पेराजवळ नीट बघा: देठांच्या बुडाशी खोडाला वेढून बसलेला एक पातळ, कागदासारखा पापुद्रा असतो, जुन्या पेरांवर तपकिरी होऊन वाळलेला. ही उपपर्णं. शेंड्याकडे नवी पालवी याच आवरणातून बाहेर येते.

मग एक पान देठापासून तोडा आणि जखमेकडे बघा. पांढरा चीक आला तर ते झाड अनंत नाही. अनंताला चीक नसतो. ही एकच खूण लक्षात ठेवली तरी सर्वांत मोठा घोटाळा टळतो, कारण अनंत म्हणून सर्वांत जास्त गळ्यात पडते ती डबल तगर. तिचीही पानं हिरवीगार आणि समोरासमोर, फुलंही पांढरी, भरगच्च, रात्री मंद वासाची. पण पान तोडलं की दुधासारखा चीक टपकतो. तो विषारी आहे. हात धुवा, डोळ्याला लावू नका. शिवाय तगरीची पानं पातळ, फांद्या दुबेळक्यांत फुटत जातात आणि फुलं त्या बेचक्यांत घोसाने येतात. अनंताचं फूल फांदीच्या टोकाला, एकटं.

कळी आली असेल तर शंका उरतच नाही. छत्री मिटून पिळा द्यावा तशी अनंताची कळी पिळलेली असते, हिरवट पांढरी, टोकदार. तिच्या बुडाशी हिरव्या निदलांची लांब, अरुंद टोकं वर आलेली असतात आणि त्यांच्याखालचा भाग कंगोरेदार. तगरीची निदलं इतकी आखूड असतात की शोधावी लागतात.

एकेरी अनंताच्या फुलाला साधारण सहा पाकळ्या, खाली नळी. दुहेरीत पाकळ्यांचे थर, फूल ५ ते ८ सेंटिमीटर, काही जातींत त्याहून मोठं. उमलताना शुभ्र, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचं, मग पिवळट. हे म्हातारपण आहे, रोग नाही. पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग पडतो, म्हणून फूल तोडताना नेहमी देठाला धरावं. एकेरी जातीला फळ धरतं: नारिंगी, लांबट, उभ्या ५ ते ९ धारांचं, डोक्यावर वाळलेल्या निदलांचा तुरा. त्यातला पिवळा रंग क्रोसिनचा, जो केशरातही असतो. दुहेरी जातींना फळ क्वचितच लागतं, तेव्हा फळ नाही म्हणून झाडावर संशय घेऊ नका.

अनंतासारखे वाटणारे बाकीचे सोबती चटकन निकालात निघतात. मोगऱ्याची पानं पातळ आणि फांद्या आधार शोधत लवंडणाऱ्या. कुंतीचं पान संयुक्त असतं, एका काडीवर अनेक पर्णिका, आणि चुरगळलं की लिंबाच्या जातीचा वास येतो. डिकेमाली हा अनंताचा सख्खा भाऊबंद, पण रानातला. त्याच्या फांद्यांच्या टोकांशी पिवळसर डिंकाचे थेंब दिसतात आणि कोरड्या दिवसांत त्याची पानं झडतात. अनंत बारा महिने हिरवा.

रोप निवडताना

कळ्यांनी लगडलेलं रोप उचलू नका, असं मी म्हणेन, आणि कुणी ऐकणार नाही हेही माहीत आहे. जागा बदलली की त्यातल्या बऱ्याच कळ्या गळतातच. त्यापेक्षा शेंड्याकडची नवी पानं बघा. ती पोपटी पण एकसारखी हिरवी असावीत. नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं असेल तर रोप आधीच उपाशी आहे. पानं उलटून बघा, देठांच्या बगलांत बघा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. पिशवीच्या भोकांतून मुळं भरपूर बाहेर आली असतील तर तेही सोडा. लहान, ठेंगणं, तीन-चार फांद्यांचं रोप उंच एकशिंगी रोपापेक्षा कधीही चांगलं.

माती: इथे घाई करू नका

अनंताला मातीचा सामू, म्हणजे पीएच, ५ ते ६ च्या आसपास हवा; साडेसहापर्यंत चालून जातं. ७ च्या वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, कारण ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. झाडाच्या अंगात लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे जात नाही, म्हणून तुटवडा आधी शेंड्यालाच दिसतो: पान पिवळं, शिरांची जाळी हिरवी. उलट नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर उमटते. तेव्हा "पानं पिवळी पडली" एवढ्यावर औषध शोधू नका. कुठली पानं, वरची की खालची, ते आधी बघा. खालची एखाद-दुसरी पानं अधूनमधून पिवळी होऊन गळत असतील तर ती फक्त जुनी झालेली आहेत.

माती तपासायला प्रयोगशाळाच हवी असं नाही. चमचाभर कोरड्या मातीवर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले तर मातीत चुना आहे, आणि ती माती अनंताला देऊ नका. चुनखडीची माती दुरुस्त करत बसण्यात आयुष्य जातं. बुडबुडे आले नाहीत तर एक भाग माती आणि अडीच भाग ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी ढवळून अर्धा तास ठेवा, वरच्या निवळीत पीएचची कागदी पट्टी बुडवा. अंदाज यायला तेवढं पुरे.

कुंडीसाठी माझं मिश्रण असं: दोन भाग कोकोपीट, दोन भाग नीट कुजलेलं पालापाचोळ्याचं किंवा गांडूळखत, एक भाग बागेतली माती, एक भाग जाड वाळू किंवा पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे). कोकोपीट आधी दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असू शकतात. ओलं मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा. गोळा फुटला नाही तर वाळू वाढवा. चिकण मातीत अनंताची मुळं गुदमरतात, आणि मुळं कुजू लागली की वर पुन्हा पिवळी पानंच दिसतात, ज्यावर लोक अजून पाणी घालतात.

सामू खाली आणायचा खात्रीचा मार्ग म्हणजे गंधकाची भुकटी. १२ इंची कुंडीला एक सपाट छोटा चमचा, वरच्या थरात मिसळून. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, त्याला काही आठवडे लागतात. दोन महिन्यांनी पुन्हा सामू बघितल्याशिवाय दुसरा चमचा घालू नका. तोवर पानं पिवळी असतील तर चिलेटेड लोह द्या, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा विरघळत्या रूपात बांधलेलं लोह. पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं असेल तर ते अल्कधर्मी मातीतही टिकतं. ईडीटीए प्रकारचं सामू साडेसहाच्या वर गेला की लवकर निकामी होतं. प्रमाण पाकिटावर असेल तेच. हिराकस (फेरस सल्फेट) स्वस्त आहे, लिटरला एक-दोन ग्रॅम, पण चुनखडीच्या मातीत ती काही दिवसांत निरुपयोगी ठरते. आधीची पिवळी पानं पूर्ण हिरवी झाली नाहीत तरी चालेल, नंतरची पालवी कशी येते त्यावर निकाल लावा.

घरगुती उपायांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. अंड्याची टरफलं आणि राख अनंताला घालू नका, दोन्ही सामू वर नेतात. वापरलेली कॉफीपूड आम्लधर्मी असते हा समज आहे. गाळून झालेल्या चोथ्यातलं आम्ल कपात गेलेलं असतं, उरलेला चोथा उदासीनच्या जवळपास. खत म्हणून थोडा चालेल, औषध म्हणून नाही.

लावणी

कुंडी १० ते १२ इंची, तळाला मोकळी भोकं. भोकांवर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवा; खाली विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची गरज नाही. रोपाला आदल्या दिवशी पाणी द्या म्हणजे हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटत नाही. पिशवी कापून हुंडी काढा, मुळं गोल फिरलेली असतील तर बोटांनी हलकेच मोकळी करा. हुंडीचा वरचा काठ कुंडीतल्या मातीच्या पातळीला किंवा किंचित वर राहू दे. खोड मातीत गाडलं की बुंधा कुजतो. नवख्या माणसाकडून अनंत मरतो तो बहुधा याच पायरीला. बाजूंनी मिश्रण भरून हाताने दाबा, तुडवू नका. पाणी खालून निथळेपर्यंत द्या.

जमिनीत लावायचा असेल तर खड्डा हुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोली हुंडीएवढीच. सिमेंटच्या भिंतीला किंवा नव्या फरशीला चिकटून लावू नका, तिथल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते. मुळं वरच्या थरातच पसरतात, म्हणून बुंध्याशी खुरपणी नको. त्याऐवजी ५ सेंटिमीटर जाडीचं वाळक्या पानांचं आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं दूर.

पहिले दोन आठवडे उजेडाच्या सावलीत ठेवून मग कायमच्या जागी न्या. ती जागा सकाळचं चार ते सहा तास ऊन आणि दुपारनंतर सावली अशी असावी. थंड हवेच्या ठिकाणी दिवसभराचं ऊनही चालतं. पूर्ण सावलीत पानं सुंदर राहतात, फुलं येत नाहीत.

पाणी आणि खत

बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला. वरचा थर कोरडा आणि आत ओलसर लागला की पाणी द्यायची वेळ. दिलं की खालून निथळेपर्यंत द्यायचं, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. रोज घोटघोट पाणी हा सर्वांत वाईट प्रकार: वर चिखल, खाली कोरडं.

पाणी जड असेल तर तुम्ही प्रत्येक झारीबरोबर थोडा चुना घालत असता आणि सहा-आठ महिन्यांत छान बनवलेली माती बिघडते. केटलीत पांढरा थर धरत असेल तर तुमचं पाणी जड आहे असं समजा. पावसाचं पाणी साठवता आलं तर अनंतासाठी राखून ठेवा. नाहीतर पाण्यात सायट्रिक आम्लाची चिमूट टाकून पट्टीवर सामू ६ च्या आसपास आणा. व्हिनेगरनेही तो उतरतो, पण अंदाजाने ओतू नका, पट्टी वापरा.

खताचं फार मनावर घेऊ नका. वाढीच्या दिवसांत महिन्याला दोन मुठी गांडूळखत, आणि दर पंधरा दिवसांनी लिटरला दोन ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) पुरे. कडक थंडीत खत बंद. थंड मातीत मुळांना लोह नीट उचलता येत नाही, त्यामुळे त्या दिवसांत थोडी पिवळसर झाक येते आणि ऊब परतली की जाते.

कळ्या गळतात तेव्हा

अनंताची कळी दिसल्यापासून उमलेपर्यंत कित्येक आठवडे घेते, आणि एवढ्या काळात काहीही अचानक घडलेलं तिला चालत नाही. एक दिवस माती पूर्ण वाळली आणि दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी मिळालं, कुंडी उचलून दुसऱ्या गच्चीवर नेली, गरम कोरडा वारा लागला, घरात एसीसमोर ठेवली, खताचा जादा डोस पडला: प्रत्येकाचं उत्तर एकच, कळी देठापाशी पिवळी होते आणि बोट लागताच खाली. रात्री १५ ते १८ अंश सेल्सिअस असल्या तर कळ्या छान धरतात. सतत उकाड्याच्या रात्रींत कमी धरतात आणि जास्त गळतात. त्यावर आपला इलाज नाही, पण सावली, आच्छादन आणि नियमित पाणी याने फटका कमी बसतो.

म्हणून कळ्या दिसल्या की एक नियम पाळा: कुंडी हलवायची नाही, फिरवायचीसुद्धा नाही. हवा कोरडी असेल तर आजूबाजूला इतर कुंड्या दाटीने ठेवा. गळलेली एक कळी उघडून बघायची सवय लावा. आत काळपट-पिवळे, तिळाहून बारीक, लांबट किडे पळताना दिसले तर दोष पाण्याचा नाही, फुलकिड्यांचा आहे. आत सगळं स्वच्छ असेल तर मागच्या आठवड्यात काय बदललं ते आठवा.

छाटणी बहर संपताच, आणि तेव्हाच. उशीर केला तर पुढच्या बहराची टोकंच कापली जातात. लांबलेल्या फांद्या तिसऱ्या हिश्शाने कमी करा, आतल्या वाळक्या काड्या काढा. कोवळ्या रोपाचे शेंडे खुडले तर ते दाट होतं.

किडी

पिठ्या ढेकूण, खवले कीड, पांढरी माशी आणि मावा हे नेहमीचे. पानांवर चिकटा आणि त्यावर काजळी दिसली तर काजळी पुसत बसू नका, वर रस शोषणारी कीड कुठे आहे ते शोधा. मुंग्यांची रांग तिथपर्यंत नेऊन सोडते. थोडीच कीड असेल तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक पुसून काढा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि द्रवसाबणाचे काही थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा, आठवड्याने पुन्हा. भर उन्हात नीमतेल मारलं तर पानं करपतात.

एक पाहुणा मात्र वेगळा. एका रात्रीत शेंड्याची पानं गायब झाली आणि खाली गोळ्यांसारखी गडद विष्ठा पडलेली दिसली, तर फांदीवर हिरवी, बोटाएवढी, शेपटीकडे शिंग असलेली अळी शोधा. रंगाने ती देठात इतकी मिसळते की नजर दोनदा तिच्यावरून जाते. ती सेफोनोडिस हायलास या पतंगाची अळी, अनंत आणि कॉफीच्या कुळातल्या झाडांवर पोसणारी. तिचा पतंग दिवसा उडतो, पंख पारदर्शक, फुलासमोर हवेत स्थिर राहून मध पितो आणि पाहणाऱ्याला मोठा भुंगाच वाटतो. मोठं झाड असेल तर मी अळ्यांना हात लावत नाही, पानं पुन्हा फुटतात. लहान रोपावर असतील तर उचलून दुसरीकडे सोडा. एवढ्यासाठी कीटकनाशक नको.

एकाचे चार

बहरानंतरची, बुडाशी किंचित ताठ आणि शेंड्याला हिरवी असलेली फांदी घ्या. चार-पाच बोटं लांब तुकडा, पेराच्या लगेच खाली धारदार पात्याने कापलेला. खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. बुडाला मुळं फुटण्याची पावडर लावून ओलसर कोकोपीट आणि वाळूच्या मिश्रणात खोचा, वर पारदर्शक पिशवी किंवा कापलेली बाटली उपडी घाला, आणि थेट ऊन नसलेल्या उजेडात ठेवा. दर दोन दिवसांनी पिशवी थोडा वेळ उघडा. मुळं यायला चार ते आठ आठवडे लागतात. मधे उपटून बघायचा मोह आवरा. हलकंसं ओढल्यावर कलम विरोध करायला लागलं की मुळं धरली. मग पिशवी एकदम न काढता आठवडाभरात हळूहळू काढा आणि छोट्या कुंडीत हलवा. पहिल्या वर्षी या रोपांना आलेल्या कळ्या खुडून टाकाव्यात, म्हणजे ताकद मुळांकडे जाते. जीव होत नसेल तर एक ठेवा.